हेमंत-शिशिरांतील फुलबाग

आपल्या पूर्वजांनीं वर्षाचे सहा ऋतु कल्पिले आणि प्रत्येक ऋतूस त्याचें त्याचें फूल नेमून दिलें. मेघदूताच्या उत्तरार्धांत कालिदासानें अलकानगरींतील स्त्रियांचें जें वर्णन केलें आहे, त्यांत शरदांतलें कमळ, हेमंतांतला कुंद, शिशिरांतलें लोध्र, वसंतांतला कुरबक, ग्रीष्मांतलें शिरीष आणि वर्षाकाळांतला नीप अशीं सहाही ऋतूंचीं फुलें एकाच वेळीं त्यांच्या अंगावर आहेत. त्या नगरींत सर्व ऋतु एकदम नांदत होते, हेंच तिचें नवल. आजच्या शहरांतील फुलबाजारांत हें नवल नित्याचें झालें आहे. गुलाब बारा महिने मिळतो, शेवंतीही बहुतेक वर्षभर मिळते. त्यामुळें सुशिक्षित घरांतील मुलास 'कुंद केव्हां फुलतो?' असें विचारलें तर त्याला उत्तर देतां येत नाहीं. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? कुंद फुलतांना त्यानें पाहिलेलाच नसतो.

घर चौसोपी असो वा तिसऱ्या मजल्यावर चार हात सज्जाचें असो, मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत देवालाही घरचें फूल मिळावें आणि बैठकींतील फुलदाणीही रिकामी राहूं नये, हें कसें साधावें, याविषयीं चार उपयुक्त गोष्टी सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत अशी पुष्कळ घरांतून समजूत असते. ती समजूत खरी नाहीं, हेंही ओघानें दिसून येईल.

हिवाळाच कां?

देशावर पावसाळा आश्विनाच्या सुमारास आटोपतो. जमिनींत ओल असते, आकाश निवळतें, ऊन लख्ख परंतु न भाजणारें पडतें आणि रात्री थंड होऊं लागतात. पुण्यास डिसेंबर-जानेवारींत रात्रीचें तपमान साधारणपणें १० ते १२ अंशांच्या आसपास उतरतें. दिवसा पानें उन्हाच्या साह्यानें अन्न तयार करतात. रात्र थंड असली म्हणजे त्यांतील श्वसनांत खर्च होणारा वांटा कमी होतो आणि उरलेली शिल्लक फुलाच्या आकाराला व देंठाच्या बळकटीला उपयोगी पडते. म्हणूनच वैशाखांत दोन दिवसांत फिका पडून गळणारा गुलाब पौषांत गडद रंगाचा येतो आणि अधिक दिवस टिकतो. युरोपांत जीं मोसमी फुलें वसंतांत व उन्हाळ्यांत येतात, त्यांना मानवणारी हवाही आपल्याकडे याच चार महिन्यांत असते. कोंकणांत मात्र समुद्राच्या सान्निध्यामुळें रात्री तितक्या गार होत नाहींत. तेथें स्वीट पी किंवा पॅन्झी यांच्या मागें न लागतां झेंडू, कॉसमॉस, अबोली व कोरांटी यांवर भर द्यावा.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. थंडी पडली म्हणजे पुष्कळांना बागेची आठवण होते. मग ते रोपवाटिकेंतून फुललेली कुंडी आणतात, ती पंधरा-वीस दिवस शोभते आणि संपते. पौषांतील फुलाचा निर्णय भाद्रपदांत आणि आश्विनांत होत असतो. परीक्षा जवळ आल्यावर पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यासारखी थंडींत जागा होणाऱ्या बागवानाची गत होते.

घरचीं फुलें

प्रथम आपल्या घरचीं फुलें घेऊं. कुंदाला अमरकोशांत 'माघ्य' असें नांव आहे. माघांत फुलणारा, हा त्याचा अर्थ उघड आहे. हें झुडूप वेलासारखें पसरतें, म्हणून त्यास कमान किंवा कठडा द्यावा. सुवास मोगऱ्यासारखा दाट नसतो. परंतु थंडीच्या दिवसांत, जेव्हां मोगरा-जाई झोपलेल्या असतात, तेव्हां पांढऱ्या फुलाची उणीव हाच भरून काढतो. बहर ओसरल्यावर त्याची छाटणी करावी, म्हणजे पुढील वर्षाच्या फांद्या पावसाळ्यांत जोमानें वाढतात.

दुसरी कोरांटी. अमरकोशकारानें तिच्या तांबड्या फुलाच्या जातीस कुरबक आणि पिवळ्या फुलाच्या जातीस कुरंटक म्हटलें आहे. आपला 'कोरांटी' हा शब्द त्या कुरंटकाचाच वंशज दिसतो. पाऊस सरला कीं ती फुलूं लागते. पिवळी जात कांटेरी असल्यामुळें कुंपणास उत्तम. तिला खत नको, फारसें पाणी नको. फूल नाजूक व अल्पायुषी असल्यानें फुलदाणीस तें उपयोगी नाहीं, पण सकाळची परडी भरण्यास याच्यासारखें आज्ञाधारक झाड नाहीं.

तिसरी शेवंती. ती मूळची चीन देशची, परंतु आतां इतकी आपली झाली आहे कीं, मार्गशीर्षांतील गुरुवार तिच्यावांचून सुने वाटतात. तिची लागवड बियांनीं करण्यापेक्षां जुन्या झाडाच्या मुळापासून फुटणाऱ्या कोंबांनीं करावी. शेतकरी त्यांस 'काश्या' म्हणतात. ज्येष्ठ-आषाढांत काश्या लावाव्या. रोप वीतभर झालें कीं शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. श्रावणांत पुन्हां एकदां खुडावें व नंतर हात लावूं नये. देवासाठीं पुष्कळ लहान फुलें हवीं असल्यास सर्व कळ्या राहूं द्याव्या. फुलदाणीसाठीं मोठें फूल हवें असल्यास प्रत्येक फांदीवर शेंड्याची एकच कळी ठेवून बाकीच्या कोंवळ्या असतांनाच काढाव्या.

रात्र मोजणारें फूल

शेवंतीच्या बाबतींत एक मौजेची आणि महत्त्वाची गोष्ट आहे. तिला फुलण्याचा इशारा थंडीनें मिळत नाहीं, तो मुख्यतः रात्रीच्या लांबीनें मिळतो. अमेरिकेंतील गार्नर आणि ॲलार्ड या दोन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांवरून असें दाखवून दिलें कीं, कित्येक वनस्पतींचें फुलणें दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतें. पुढें १९३८ सालीं हॅमनर आणि बॉनर यांनीं एका कांटेरी रानटी तणावर प्रयोग करून दाखविलें कीं, झाड खरें मोजतें तें अखंड अंधाराचा काळ. मध्यरात्रीं थोडा वेळ दिवा लावला तरी लांब रात्रीचा परिणाम नाहींसा होतो.

पुण्यास डिसेंबरच्या २१-२२ तारखेच्या सुमारास दिवस सुमारें ११ तासांचा व रात्र सुमारें १३ तासांची असते. शेवंतीला हवी असलेली लांब रात्र आश्विनापासूनच मिळूं लागते आणि ती कळ्या धरते. परंतु सज्जांत रात्रभर दिवा जळत असेल, किंवा रस्त्यावरील दिव्याचा झोत नेमका कुंडीवर पडत असेल, तर झाडाच्या लेखीं रात्र लांबतच नाहीं. पान हिरवेंगार, खोड भरदार, आणि कळी मात्र नाहीं! अशा वेळीं लोक खत बदलतात, माती बदलतात, रोपवाटिकावाल्यास बोल लावतात. उपाय इतकाच कीं, कुंडी काळोख्या कोपऱ्यांत हलवावी, किंवा संध्याकाळीं सहापासून सकाळीं आठपर्यंत तीवर जाड काळें कापड घालावें. काचगृहांत बाराही महिने शेवंती पिकविणारे व्यापारी हेंच करतात. फूल लांबवावयाचें असेल तेव्हां रात्रीं दिवे लावतात आणि फूल हवें असेल तेव्हां काळा पडदा ओढतात. नाताळच्या सुमारास दिसणारा पॉइनसेटियाही असाच रात्र मोजणारा आहे. त्याचीं तीं लाल दिसणारीं 'फुलें' वस्तुतः पानें असून खरीं फुलें मधोमध लहानशीं पिवळट असतात.

परदेशचे पाहुणे

आतां पाहुण्यांकडे वळूं. झेंडू, डेलिया आणि कॉसमॉस हीं तिन्ही फुलें मेक्सिकोकडचीं. झेंडूशिवाय आपला दसरा होत नाहीं, इतका तो पाहुणा घरांत रुळला! डेलियाला त्याचें नांव १७९१ सालीं माद्रिद येथें मिळालें; आंद्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ तें ठेवलें गेलें. स्वीट पी हें सिसिली बेटावरचें. फ्रान्सिस कुपानी नांवाच्या तेथील एका धर्मोपदेशकानें १६९९ सालीं त्याचें बीं इंग्लंडांत धाडलें. बागेंतील वार्षिक फ्लॉक्सची कथा थोडी करुण आहे. टॉमस ड्रमंड नांवाच्या संग्राहकानें टेक्सासांतून त्याचें बीं ब्रिटनला पाठविलें आणि १८३५ सालीं तो क्यूबा बेटावर मरण पावला. त्या बियांचीं फुलें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. फुलाच्या शास्त्रीय नांवांत मात्र तो राहिला आहे.

या मंडळींचें वेळापत्रक असें ठेवावें:

श्रावण-भाद्रपदांत ॲस्टरचें बीं पेरावें. त्यास फुलण्यास साडेतीन-चार महिने लागतात. भाद्रपद-आश्विनांत झेंडू, डायन्थस, फ्लॉक्स, पिटूनिया व कॅलेंड्युला. आश्विनांत, पाऊस खात्रीनें थांबल्यावर, स्वीट पी. त्याचें बीं कठीण असतें, म्हणून रात्रभर कोमट पाण्यांत भिजवून लावावें व वेलास काठ्या-दोऱ्यांचा आधार द्यावा. कार्तिकांत ग्लॅडिओलसचे कंद चार बोटें खोल लावावे. सर्व एकदम न लावतां पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें लावले म्हणजे माघ-फाल्गुनांत एकामागून एक तुरे मिळत राहतात.

बीं पेरतांना तें जितकें बारीक तितकें वर ठेवावें, हा सोपा नियम. पिटूनियाचें बीं धुळीसारखें असतें; बारीक वाळूंत मिसळून तें मातीवर नुसतें भुरभुरावें, पुरूं नये. पाणी झारीनें न घालतां कुंडी पाण्याच्या परातींत ठेवून खालून शोषूं द्यावें. रोपाला चार-सहा पानें आलीं कीं संध्याकाळच्या वेळीं दुसऱ्या जागीं लावावें. मुलाबाळांच्या घरांत एक सावधगिरी अवश्य घ्यावी: स्वीट पीच्या शेंगा वाटाण्यासारख्या दिसत असल्या तरी त्यांतील दाणे विषारी असतात.

गुलाबाची छाटणी आश्विनांत, पावसाळा संपतांच करावी. सुमारें दीड महिन्यांत फुलें येऊं लागतात. ज्यांना निरनिराळ्या जाती प्रत्यक्ष पाहून निवडावयाच्या असतील, त्यांनीं जानेवारींत पुण्याच्या एम्प्रेस बागेंत भरणारें पुष्पप्रदर्शन मुलांसह अवश्य पाहावें आणि जातींचीं नांवें टिपून आणावीं.

देवघर आणि फुलदाणी

येथवरची माहिती कोणत्याही बागकामाच्या पुस्तकांत सांपडेल. परंतु एकत्र कुटुंबांत बागेचा खरा प्रश्न माती-खताचा नसतो. फूल कोणाचें, हा असतो.

माझ्या परिचयाच्या एका घरीं सासूबाईंनीं श्रावणापासून निगा ठेवून ॲस्टरची एक ओळ वाढविली होती. मार्गशीर्षांतल्या एका गुरुवारीं सूनबाईंच्या माहेरचीं माणसें दुपारीं यावयाचीं होतीं. सूनबाईंनीं पहाटे उठून घर झाडलें आणि फुललेले नऊच्या नऊ देंठ लांब कापून बैठकींत फुलदाणींत ठेवले. सासूबाई स्नान करून परडी घेऊन आल्या, तों ओळींत नुसते खुंट. त्या दिवशीं पूजा तुळशीपत्रांवर व अक्षतांवर झाली. कोणी आवाज चढविला नाहीं. परंतु पुढें दोन दिवस त्या दोघींचें बोलणें मुलांच्या मार्फत चाललें होतें. सूनबाईंच्या माहेरीं बाग नव्हती; अंगणांतलें फूल घराचें, एवढेंच त्यांना ठाऊक. सासूबाईंच्या मनांत तीं फुलें बीं पेरल्या दिवसापासून देवाचीं झालेलीं. दोघींपैकीं चुकलें कोणाचें, हें मला आजही सांगतां येणार नाहीं.

तथापि वनस्पतींच्या स्वभावाकडे पाहिलें तर हा तंटा टाळतां येण्यासारखा आहे. पूजेला फुलाचें मस्तक लागतें, देंठ लागत नाहीं. फुलदाणीला लांब देंठ लागतो. झाडाची सारी धडपड बीं धरण्यासाठीं असते. झेंडू, कॉसमॉस, फ्लॉक्स, पिटूनिया, कॅलेंड्युला, स्वीट पी यांचीं फुलें झाडावरच सुकूं दिलीं कीं बीं तयार होतें, काम झालें असें समजून झाड फुलणें आवरतें घेतें. तींच फुलें रोज खुडलीं तर झाड पुनः पुन्हां कळ्या काढीत राहतें. म्हणजे आजीबाई रोज सकाळीं परडी भरून नेतात, तेव्हां त्या बाग उजाड करीत नसून तिचा बहर लांबवीत असतात! याउलट ॲस्टर आणि ग्लॅडिओलस यांचा मुख्य देंठ एकदां कापला कीं त्या रोपाकडून पुढें फारशी आशा नसते. अशीं झाडें निराळ्या वाफ्यांत, फुलदाणीसाठीं म्हणूनच लावावीं आणि तसें आरंभींच घरांत सांगून ठेवावें.

त्या घरच्या वडील माणसांनीं पुढील वर्षीं असेच दोन वाफे केले. झेंडू, कोरांटी व लहान शेवंती सासूबाईंकडे. ॲस्टर, ग्लॅडिओलस व कळ्या काढून वाढविलेली मोठी शेवंती सूनबाईंकडे. त्या मार्गशीर्षांत एका गुरुवारीं घटाशेजारीं सूनबाईंच्या वाफ्यांतील ॲस्टरचा एक लांब देंठ उभा होता. तो कोणी ठेवला, हें कोणी विचारलें नाहीं.

कापण्याची आणि ठेवण्याची रीत

फूल कापावें तें सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं. त्या वेळीं देंठ पाण्यानें भरलेला असतो. बरोबर पाण्याची बादली न्यावी. धारदार सुरीनें तिरपा काप द्यावा. बोथट कात्रीनें देंठ चेंगरतो. कोणतें फूल कोणत्या अवस्थेंत कापावें, याचे नियम आहेत. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांत रंग दिसूं लागतांच कापावा, बाकीच्या कळ्या फुलदाणींत उमलतात. तुरा आडवा ठेवूं नये, नाहींतर शेंडा वर वळून वांकडा होतो. गुलाब बाहेरच्या पाकळ्या सैल होतांच कापावा. डेलिया, शेवंती व झेंडू मात्र पूर्ण उमललेले कापावे. डेलियाची मिटलेली कळी पाण्यांत सहसा उमलत नाहीं.

घरीं आणल्यावर दोन तास सांवलींत, गळ्यापर्यंत पाण्यांत ठेवून मग मांडणी करावी. कापलेलें फूल कोमेजतें याचीं मुख्य कारणें दोन. देंठांतील बारीक नळ्यांत हवा शिरून पाण्याची वाट अडते. म्हणून देंठाचें टोंक पाण्याखालीं धरून पुन्हां अर्धा इंच कापावें. दुसरें, पाण्यांत जंतु वाढून त्याच नळ्या बुजतात. म्हणून पाण्याखालीं येणारीं सर्व पानें काढावीं, पाणी रोज बदलावें आणि भांडें आंतून घासावें. झेंडू व ॲस्टर यांचीं पानें पाण्यांत फार लवकर कुजतात. एक लिटर पाण्यास चहाचा एक चमचा साखर व थोडा लिंबाचा रस घातल्यास फूल अधिक टिकतें. परंतु पाणी रोज बदलणें होणार नसेल तर साखर घालूं नये, कारण ती जंतूंचेंही खाद्य आहे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांतून हमखास राहते: पिकलेल्या केळ्यांची फणी आणि फुलदाणी एकाच मेजावर ठेवूं नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो आणि त्यानें कित्येक फुलें अकालीं वृद्ध होतात. नैवेद्याचीं फळें आणि दुसऱ्या दिवशींच्या पूजेचीं फुलें शीतकपाटांत एकत्र ठेवण्याची चाल याच कारणासाठीं सोडावी.

वसंताची चाहूल

माघ शुद्ध पंचमीस आपण वसंतपंचमी म्हणतों, परंतु पंचांगाप्रमाणें तो शिशिर असतो. वसंत चैत्रांत लागावयाचा. तरीही त्या सुमारास आंब्यास मोहर दिसूं लागतो आणि तो महाशिवरात्रीस महादेवाच्या पिंडीवर जातो. रानांत पानें झडलेली कांटेसावर लाल फुलांनीं भरते, पाठोपाठ पांगारा आणि पळस पेटतात. अंगणांतला कांचन गुलाबी-जांभळा होतो. हीं फुलें फुलदाणीचीं नव्हेत. तीं मधासाठीं येणाऱ्या पांखरांसाठीं झाडावर राहूं द्यावीं. मात्र पळसाखालीं गळून पडलेलीं फुलें मुलांनीं वेंचून आणावीं, उकळून त्यांचा केशरी रंग काढावा आणि रंगपंचमीस तोच वापरावा.

बागेंत या वेळीं दोन कामें असतात. मोगऱ्याचें पाणी पौषांत तोडून छाटणी केलेली असली म्हणजे फाल्गुनापासून त्याला कळ्या येऊं लागतात. हिवाळ्याची परडी रिकामी होत असतां उन्हाळ्याची अशी भरते. दुसरें काम बियांचें. झेंडू-फ्लॉक्सचीं चांगलीं दोन-चार रोपें निवडून त्यांवरचीं फुलें खुडणें बंद करावें, बीं पक्व होऊं द्यावें, वाळवून कागदी पुडींत नांव व महिना लिहून ठेवावें. संकरित जातींचें बीं पुढील वर्षीं मूळ झाडासारखें येत नाहीं. तें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें.

बाजारचें फूल घेऊं नये, असें माझें म्हणणें नाहीं. मावळांत तळेगांवच्या आसपास काचगृहांतून आणि प्लास्टिकच्या छताखालीं वाढणारे गुलाब फेब्रुवारींत परदेशीं जातात, त्यावर अनेक कुटुंबें पोसलीं जातात. परंतु विकतचें फूल घरांत येतें तें फूल म्हणूनच. त्याच्यामागची पेरणी, खुडणी आणि लांबत गेलेली रात्र घरांत येत नाहीं. एका कुटुंबांत आजीनें परडी भरावी, सुनेनें देंठ कापावे, आजोबांनीं शेंडे खुडावे आणि नातवंडांनीं कोणत्या तिथीस पहिली कळी दिसली तें वहींत लिहावें, एवढें काम चार कुंड्यांतही निघतें. येत्या भाद्रपदांत बियांच्या दोन-तीन पुड्या आणाव्या आणि सज्जांतला रात्रीचा दिवा तेवढा मालवावा. मग घरांतील मुलांना कोणतें फूल कोणत्या ऋतूचें हें सांगत बसावें लागणार नाहीं. तें तीं आपणांसच सांगतील.